घंटा वाजायच्या आत सामना अडकतो: फोनवरच्या पीएसपी रेसलिंगचं पुन्हा पुन्हा येणारं दुखणं

गेममधला पैलवान अंडरटेकर त्याच्या त्या सावकाश चालीनं येतो. दिवे मंद, धूर, पायऱ्या चढून दोरांपलीकडे, मग टोपी काढणं. इथवर सगळं सुरळीत. कॅमेरा रिंगमध्ये येतो, दोघं समोरासमोर उभे राहतात आणि घंटा वाजायची त्या क्षणी चित्र थिजतं. गर्दीचा आवाज मात्र चालूच. दहा सेकंद, वीस सेकंद, मिनिटभर. बटणं दाबून उपयोग नाही. मागे जायचं बटण दाबलं तर एम्युलेटरचा (फोनवर पीएसपीचे गेम चालवणाऱ्या अ‍ॅपचा) मेनू व्यवस्थित उघडतो, म्हणजे फोन शाबूत, एम्युलेटरही शाबूत, अडकलाय तो फक्त सामना.

गेम म्हणजे पीएसपीवरचा (सोनीचं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र) डब्ल्यूडब्ल्यूई कुस्तीचा स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २०११, आणि तो मी फोनवर पीपीएसएसपीपी या एम्युलेटरमध्ये खेळतो. या दुखण्यानं माझे जवळजवळ तीन आठवडे खाल्ले. तसा बिघाड अवघड नव्हता. पण दर वेळी तो बरा झाल्यासारखा वाटायचा, दोन संध्याकाळी छान जायच्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ही पोस्ट त्या 'पुन्हा तेच'बद्दल आहे. गेम एकदाच अडकला असेल तर बंद करून चालू करा आणि खेळा, पुढचं वाचायची गरज नाही.

आधी एक गोष्ट नक्की करा. 'गेम हँग होतो' या एका वाक्यात लोक तीन वेगवेगळे आजार कोंबतात आणि मग एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

पहिला आजार मंदपणाचा. चित्र चालू असतं पण चिखलातून चालल्यासारखं, एंट्रीचं संगीत ओढल्यासारखं किंवा करकर करत ऐकू येतं. दुसरा थिजण्याचा, जो मी वर सांगितला. तिसरा म्हणजे अ‍ॅपच धाडकन बंद होऊन फोनची मुख्य स्क्रीन समोर येणं. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. मी पहिले आठ-दहा दिवस मंदपणाचे उपाय थिजण्यावर करत बसलो होतो.

मंद चालत असेल तर

सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली वेग आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, दिसतात तो आकडा) पडद्यावर दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करा. टक्क्यांत दिसणारा वेग महत्त्वाचा. तो १०० च्या आसपास असेल तर गेम मूळ वेगानं चालतोय, मग एफपीएस ३० दिसो की ६०. पीएसपीचे कित्येक गेम मुळातच ३० वर चालायचे, त्यामुळे ३० दिसले म्हणून घाबरू नका.

आता सलग पंधरा-वीस मिनिटं खेळा आणि आकड्यावर लक्ष ठेवा. सुरुवातीला १०० आणि नंतर हळूहळू ८०, ७० असा घसरत असेल तर फोन तापतोय आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतोय. याला गेमच्या सेटिंगमध्ये फार औषध नाही. कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, रेझोल्यूशन खाली आणा. पहिल्या सामन्यापासूनच ७० असेल तर मात्र सेटिंग जड आहे.

जडपणाचा सगळ्यात मोठा धनी म्हणजे रेंडरिंग रेझोल्यूशन, एम्युलेटर चित्र किती ठिपक्यांत काढतो ते. पीएसपीचा पडदा ४८० × २७२ चा, म्हणजे १,३०,५६० ठिपके. तुम्ही ३एक्स निवडता तेव्हा दोन्ही बाजू तिप्पट होतात आणि ठिपके नऊपट. ५एक्स म्हणजे पंचवीसपट. हे कळेपर्यंत मी ५एक्सवर खेळत होतो आणि 'दोन पायऱ्याच तर वर आहे' असं समजत होतो. सहा इंची पडद्यावर २एक्स आणि ५एक्स यांतला फरक चालत्या सामन्यात मला तरी दिसत नाही. फोटो काढून ताणून पाहिला तर दिसतो, पण आपण खेळायला बसलोय.

फ्रेम स्किप (मधल्या काही फ्रेम गाळणं) हा सोपा वाटणारा उपाय मी कुस्तीच्या गेममध्ये टाळतो. रिव्हर्सलची (समोरच्याचा डाव उलटवायची) वेळ क्षणभराची असते. मधल्या फ्रेमच गाळल्या की समोरच्याचा हात कधी हलला ते कळत नाही, मग बटण उशिरा दाबलं जातं आणि आपण स्वतःच्या बोटांना दोष देतो. बफर इफेक्ट वगळायचा पर्यायही तसाच. वेग वाढतो खरा, पण सावल्या गायब होतात, काही दृश्यं काळी पडतात. आणखी एक: नवा एखादा इफेक्ट पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा जो क्षणभराचा झटका बसतो तो शेडर (चित्र रंगवणारा छोटा प्रोग्राम) तयार होण्याचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो आपोआप जातो, त्यासाठी काही करू नका.

थिजण्याचं मूळ

आता मुख्य गोष्ट. सामना थिजला की मी एखादं सेटिंग बदलायचो. बॅकएंड, म्हणजे एम्युलेटरची चित्र काढायची पद्धत, व्हल्कनचं ओपनजीएल केलं, चाललं. दोन दिवसांनी पुन्हा थिजला, तर उलट ओपनजीएलचं व्हल्कन केलं. तेही चाललं! तिथे माझी ट्यूब पेटायला हवी होती. एकमेकांच्या विरुद्ध असलेली दोन औषधं एकाच आजाराला लागू पडत असतील तर आजार औषधानं बरा होत नसतो. दोन्ही वेळा मी न कळत आणखी काहीतरी करत होतो, बरं वाटत होतं ते त्यानं.

ते काहीतरी म्हणजे गेम नव्यानं सुरू करणं. बॅकएंड बदलला की एम्युलेटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. मग मी तपासणी म्हणून गेमच्या मेनूतून सरळ एक साधा सामना लावायचो. तो चालायचा. खूश होऊन दुसऱ्या दिवशी युनिव्हर्स मोड (आठवड्याआठवड्यानं पुढे सरकणारा लांब खेळ) पुढे न्यायला बसलो की सवयीनं दोन नंबरच्या स्लॉटमधली सेव्ह स्टेट उघडायचो. आणि रोग त्या स्लॉटमध्येच होता.

सेव्ह स्टेट आणि गेममधलं सेव्ह या दोन गोष्टी एक नाहीत, आणि सगळी मेख इथे आहे. गेममधलं सेव्ह म्हणजे गेमनं स्वतः लिहून ठेवलेली वही: कोणाकडे कोणता बेल्ट, कोणता आठवडा, तुम्ही बनवलेला पैलवान. ही वही पीएसपी फोल्डरच्या आत सेव्हडेटा नावाच्या फोल्डरमध्ये राहते. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणी पीएसपीच्या मेमरीत जे जे होतं त्याचा जसाच्या तसा छाप. चांगलं-वाईट सगळं त्यात येतं. मेमरीचा एखादा कोपरा बिघडलेला असताना स्टेट ठेवली तर तो बिघाडही जपून ठेवला जातो, आणि स्टेट उघडली की तुम्ही तो स्वतःच्या हातानं परत आणता. वर कितीही सेटिंग बदला.

माझ्या मेमरीचा कोपरा बिघडवला होता एका चीटनं. सगळे पोशाख आणि पैलवान उघडून देणारा चीट मी एका जुन्या फाइलमधून उचलला होता. चीट म्हणजे जादू नव्हे. मेमरीतल्या अमुक पत्त्यावर तमुक आकडा लिही, पुन्हा पुन्हा लिहीत राहा, एवढाच तो हुकूम असतो. आणि पत्ता गेमच्या आवृत्तीनुसार बदलतो. अमेरिकेतल्या डिस्कचा क्रमांक यूएलयूएसनं सुरू होतो, युरोपातल्याचा यूएलईएसनं. माझी डिस्क अमेरिकन, चीट युरोपियन आवृत्तीचा. मग तो आकडा पोशाखांच्या जागी न पडता भलत्याच ठिकाणी पडत होता. मेनूत फिरताना ती जागा कोणाला लागत नसावी, म्हणून सगळं ठीक वाटायचं. सामना भरताना लागायची, आणि गाडी तिथेच रुतायची.

चीट तर मी पहिल्याच आठवड्यात बंद केला होता, म्हणून त्याच्यावरचा संशयही सोडून दिला होता. पण बंद करणं म्हणजे पुढे लिहिणं थांबवणं. आधी लिहिलेलं पुसलं जात नाही, ते स्टेटमध्ये तसंच राहतं.

खात्री करायला तीन चाचण्या केल्या. चीट बंद, गेममधलं सेव्ह उघडून तोच सामना: चालला, सलग चार वेळा. चीट चालू, गेममधलं सेव्ह: थिजला. चीट बंद, जुनी स्टेट: टोपी काढली, समोरासमोर उभे राहिले, थिजला. इथे प्रकरण मिटलं.

तुमच्याकडे चीट नसेल तर दुसरा संशयित मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल. इंटरनेटवर '२के२२, पीएसपी' किंवा त्याहून नव्या सालाच्या नावाच्या फाइली फिरतात. डब्ल्यूडब्ल्यूई २के नावाचा एकही अधिकृत गेम पीएसपीवर आलेला नाही. स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ मालिका त्या यंत्रावर २००६ च्या भागापासून होती आणि २०११ च्या भागावर संपली. त्यानंतर २०११ मध्ये ऑल स्टार्स हा वेगळा कुस्तीचा गेम आला. मालिकेचा पुढचा भाग डब्ल्यूडब्ल्यूई '१२ नावानं निघाला, पण पीएसपीवर नाही. हे गेम काढणाऱ्या टीएचक्यू कंपनीनं २०१२ च्या डिसेंबरात दिवाळखोरी जाहीर केली आणि २के हे नाव त्यानंतरचं. म्हणजे या नव्या नावाच्या फाइली उघडल्या की आत बहुतेकदा २०११ चाच गेम निघतो, चेहरे, नावं आणि संगीत बदललेला. काही मॉड खरंच मेहनतीनं केलेले असतात, नाकारत नाही. पण एखाद्या पैलवानाची एक फाइल नीट बसलेली नसली की फक्त त्याच्याच सामन्यात गेम अडकतो, आणि तुम्ही फोन बदलायचा विचार करू लागता.

ओळखायची खूण सोपी आहे. ठरावीक पैलवान, ठरावीक एंट्री किंवा ठरावीक रिंगण निवडल्यावरच अडकत असेल तर मॉडकडे बघा. एंट्री बंद करून सामना चालत असेल तर एंट्रीच्या फाइलींकडे. कोणीही घेतला तरी अडकत असेल तर स्टेट आणि चीट.

मॉडमध्येही दोन जाती आहेत. एक टेक्स्चर्स फोल्डरमध्ये चित्रं ठेवणारी, जी मूळ फाइलला हातही लावत नाही. टेक्स्चर बदलण्याचा पर्याय बंद केला की ती गेली. दुसरी आयएसओ फाइलच (गेमच्या डिस्कची पूर्ण प्रत) आतून बदलणारी. हिच्यात एक खोच आहे. गेम सुरू असताना कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची माहिती मेमरीत असते. मॉडवाल्या आयएसओवर ठेवलेली स्टेट तुम्ही साध्या आयएसओवर उघडलीत तर गेम जुन्या पत्त्यावर जाऊन वस्तू मागतो आणि तिथे भलतंच हाती येतं. म्हणून आयएसओ बदलली की जुन्या स्टेटवर पाणी सोडायचं. गेममधलं सेव्ह सहसा चालतं, डिस्कचा क्रमांक तोच असेल तर.

प्रत्यक्ष काय करायचं

सगळ्यात आधी सेव्हडेटा फोल्डरची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. हे टाळून पुढे गेलात तर पुढचं रडगाणं तुमचं तुम्ही ऐका.

चीट बंद करा. टेक्स्चर बदलणं बंद करा. आता तुमची प्रगती फक्त स्टेटमध्ये अडकली असेल, म्हणजे कित्येक दिवसांत गेममध्ये सेव्ह केलंच नसेल, तर ती स्टेट एकदाच शेवटची उघडा, मेनूपर्यंत या आणि गेमच्या स्वतःच्या पर्यायातून सेव्ह करा. गेम कधीकधी मेमरी स्टिकवरच्या (पीएसपीचं मेमरी कार्ड; फोनवर त्याच्या जागी एक फोल्डर असतं) नव्या सेव्हवर लिहायला नकार देतो, कारण स्टेटमधल्या गेमला ते सेव्ह माहीतच नसतं. तसं झालं तर आत्ताच काढलेली प्रत आहेच, मूळ सेव्ह बाजूला हलवून पुन्हा प्रयत्न करा.

मग एम्युलेटरच्या मेनूतून गेम पूर्ण बंद करा. अ‍ॅप नुसतं मागे टाकणं पुरत नाही. पीपीएसएसपीपी_स्टेट फोल्डरचं नाव बदलून ठेवा. पुसू नका, फक्त नाव बदला, म्हणजे सवयीनं बोट तिकडे गेलं तरी स्लॉट रिकामे दिसतील. माझं बोट पहिल्या दिवशी तीनदा गेलं.

आता गेमच्या चित्रावर टिचकी मारून सुरुवातीपासून चालू करा, लोगो सहन करा, गेममधलं सेव्ह उघडा आणि ज्या सामन्यात अडकत होतं तोच लावा. चालला तर अजून दोन-तीन सामने खेळा, त्यात एक चौघांचा असू दे, कारण तो यंत्रावर जास्त भार टाकतो. मग काढलेल्या गोष्टी एकेक करून परत आणा, प्रत्येकीनंतर सामना खेळून. दोन एकदम आणल्या तर पुन्हा अंधारात चाचपडणं आलं.

'मी स्टेट उघडतच नाही' असं शपथेवर सांगणाऱ्यांसाठी: सिस्टीम सेटिंगमध्ये सेव्ह स्टेट आपोआप उघडायचा पर्याय आहे. तो कधीकाळी चालू करून विसरला असाल तर गेम दर वेळी गुपचूप स्टेटवरूनच सुरू होतो. लोगो न दिसता थेट मागच्या जागी पोहोचत असाल तर हेच चाललंय.

आणखी एक फसवी जागा. एखाद्या गेमसाठी वेगळं कॉन्फिग बनवता येतं. ते बनवलेलं असेल तर मुख्य मेनूतून केलेले बदल त्या गेमला लागतच नाहीत. तुम्ही बाहेर २एक्स करता, आत ५एक्सच राहतं. गेमच्या चित्रावर बोट दाबून धरा, तिथे त्या गेमची माहिती आणि त्याची स्वतःची सेटिंग दिसतात. त्याच पानावर फाइलचा सीआरसी (फाइल जशीच्या तशी आहे का ते पडताळायचा आकडा) काढायची सोय आहे. स्वतःच्या डिस्कवरून काढलेली प्रत वाटेत खराब झाली का, हे त्यावरून ताडता येतं.

आणि सीपीयू क्लॉक. पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकायचा, पण २००७ पर्यंत गेमना २२२ चीच मर्यादा होती. एम्युलेटरमध्ये हा आकडा वाढवला की काही गेम गुळगुळीत होतात, काहींचं वेळेचं गणित बिघडतं. थिजण्याचा तपास चालू असताना तो मूळ जागी, म्हणजे आपोआपवर ठेवा.

अ‍ॅपच बंद पडत असेल तर

इथे मेमरी किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर बघायचा. मोठमोठ्या टेक्स्चर पॅकनं कमी रॅमचे फोन गुदमरतात. पॅक काढून पाहा. नाहीतर व्हल्कनवरून ओपनजीएलवर या किंवा उलट. या आजारात हा उपाय खरा आहे, माझ्यासारखा भास नव्हे.

सेव्हच गायब झालं असेल तर

नव्या अँड्रॉइडवर एम्युलेटर पहिल्यांदा उघडला की मेमरी स्टिकचं फोल्डर कुठे ठेवायचं ते विचारतो. अ‍ॅपच्या खाजगी जागेचा पर्याय घेतला तर वाचन-लेखन जलद होतं, पण अ‍ॅप काढून टाकलं की सगळं त्याच्याबरोबर जातं. तसं तो तिथे लिहूनही दाखवतो, पण घाईत कोण वाचतो. 'एकदा अनइन्स्टॉल करून बघ' असा सल्ला ऐकून वर्षभराचे बेल्ट घालवणारे यातलेच. स्वतः निवडलेलं फोल्डर थोडं हळू, पण अ‍ॅप गेलं तरी राहतं. मी तेच वापरतो. फोल्डर जागेवर असूनही गेमला सेव्ह दिसत नसेल तर आयएसओचा क्रमांक तपासा. यूएलईएसच्या गेमला यूएलयूएसचं सेव्ह आपलं वाटत नाही.

एवढं करूनही थिजत असेल आणि कोणाला विचारायची वेळ आली तर 'गेम चालत नाही, प्लीज मदत' असं लिहू नका. एम्युलेटरची आवृत्ती, फोनची चिप, गेमचा क्रमांक, बॅकएंड कोणता, मॉड-चीट आहे का, गेम लोगोपासून सुरू केला की स्टेटवरून, आणि नेमकं कुठे अडकतं ते लिहा. टोपी काढण्याआधी की नंतर, तेसुद्धा.